वेळेआधी गाठलेलं लक्ष्य

२०२५च्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने जाहीर केलं, की देशाच्या एकूण ४८४.८ गिगावॉट वीजनिर्मिती क्षमतेपैकी २४२.८ गिगावॉट, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त क्षमता आता कोळसा, वायू किंवा तेलावर अवलंबून नाही. पॅरिस कराराखाली आपण हे लक्ष्य २०३०पर्यंत गाठणार होतो. ते पाच वर्षं आधी गाठलं गेलं. या घोषणेच्या निमित्ताने, आणि त्याआधीही वारंवार, आपल्याकडे दोन गोष्टी एका दमात सांगितल्या जातात. एक अशी, की भारताची हवामानविषयक लक्ष्यं अतिशय महत्त्वाकांक्षी आहेत आणि ती वेळेआधी पुरी करून आपण श्रीमंत देशांना धडा घालून दिला. दुसरी अशी, की याहून अधिक काही मागणं म्हणजे विकसनशील देशावर न झेपणारा खर्च लादणं. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. जे लक्ष्य निम्म्या मुदतीत, अर्थव्यवस्थेची गती न मंदावता गाठता आलं, ते एक तर फार अवघड नव्हतं किंवा फार महाग नव्हतं. बहुधा दोन्ही नव्हतं. मग त्याच्या पुढचं पाऊल परवडणार नाही, हे कशाच्या आधारावर ठरलं? माझं म्हणणं असं, की आपण निवडलेली मोजमापंच अशी आहेत की त्यांतून ना महत्त्वाकांक्षा कळते ना खर्च. ही मोजमापं बदलल्याशिवाय या विषयावरची आपली सगळी चर्चा एकतर अभिमानाची राहील, नाहीतर तक्रारीची.

सुरुवात उत्सर्जन तीव्रतेपासून करू, कारण आपल्या लक्ष्यांचा कणा तोच आहे. २०१५ साली भारताने सांगितलं, की राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे होणारं हरितगृह वायूंचं उत्सर्जन २००५च्या तुलनेत २०३०पर्यंत ३३ ते ३५ टक्क्यांनी कमी करू. ऑगस्ट २०२२मध्ये हा आकडा ४५ टक्क्यांवर नेला. ऐकायला ४५ टक्के कपात मोठी वाटते आणि वर्तमानपत्रांत ती अनेकदा ‘उत्सर्जनात ४५ टक्के घट’ अशीच छापून येते. तो अर्थ साफ चुकीचा आहे. गाडीचं ॲव्हरेज सुधारलं आणि गाडी चौपट पळाली, तर पेट्रोलचं बिल वाढतंच. इथे नेमकं तेच घडतं. अर्थव्यवस्था २००५पासून पंचवीस वर्षं सरासरी सहा टक्क्यांनी वाढली असं धरलं, तर २०३०मध्ये ती ४.३ पट झालेली असेल. तीव्रता ४५ टक्क्यांनी घटली तर एकूण उत्सर्जन २००५च्या २.४ पटींच्या आसपास जाईल आणि तरीही लक्ष्य पूर्ण झालं असं म्हणता येईल. वाढीचा दर साडेसहा टक्के धरला तर हीच मुभा २.७ पटींच्या जवळ जाते. गरीब देशाचं उत्सर्जन काही काळ वाढणार हे मला मान्य आहे आणि त्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो वाढीला कपात म्हणण्यावर.

तीव्रतेचं लक्ष्य किती ताणणारं होतं, हे सरकारच्याच आकड्यांवरून तपासता येतं. भारताने संयुक्त राष्ट्रांना डिसेंबर २०२४मध्ये दिलेल्या अहवालानुसार २००५ ते २०२० या पंधरा वर्षांत तीव्रता ३६ टक्क्यांनी घटली. वर्षाला सरासरी तीन टक्क्यांच्या जवळपासची ही घट आहे. आता २०२०पासून २०३०पर्यंत ४५ टक्क्यांचा टप्पा गाठायला दरवर्षी किती घट लागेल? दीड टक्का. म्हणजे आधीच्या वेगाच्या निम्मा. आपण जसे चाललो होतो तसेच चालत राहिलो, काहीही नवं केलं नाही, तरी २०३०पर्यंत घट ५२ टक्क्यांच्या पुढे जाते. २०२० हे टाळेबंदीचं वर्ष, त्यावरून निष्कर्ष काढू नये, असं कोणी म्हणेल, आणि ते रास्त आहे. तर २०१९ घ्या. त्या वर्षापर्यंतची घट ३३ टक्के होती. तिथून ४५पर्यंत जायला वर्षाला १.८ टक्के पुरतात, आणि तोवरचा वेग २.८ टक्क्यांचा होता. आणखी एक आक्षेप असा, की २०२२मध्ये आकडा ठरवताना हे नंतरचे हिशेब हाती नव्हते. तेही खरं आहे. तेव्हा प्रसिद्ध झालेला शेवटचा अधिकृत आकडा २०१६पर्यंतच्या २४ टक्के घटीचा होता. तो धरूनही पुढच्या चौदा वर्षांसाठी लागणारा वेग वर्षाला २.३ टक्के येतो, आधीचा होता अडीच टक्के. कुठूनही मोजा, लक्ष्य चालू वेगाच्या खालीच बसतं. ही घट झाली कशी, तर सेवाक्षेत्राचा वाटा मोठा असल्यामुळे, एलईडी दिव्यांसारख्या कार्यक्रमांमुळे, कारखान्यांनी इंधन वाचवल्यामुळे. यातल्या धोरणांचं श्रेय सरकारांना जरूर द्यावं. पण जे आधीपासून होत होतं त्याची नोंद करणं आणि लक्ष्य ठेवणं, ही वेगळी कामं आहेत.

दुसरं मोजमाप क्षमतेचं. निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म झाली याचा अर्थ निम्मी वीज स्वच्छ झाली, असा समज सर्वत्र पसरला आहे. वस्तुस्थिती अशी, की देशात तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश वीज अजूनही जीवाश्म इंधनांतून, त्यातही जवळपास सगळी कोळशातून येते. कारण साधं आहे. सौर प्रकल्प वर्षभरात आपल्या क्षमतेच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी वीज देतो. कोळशाचं केंद्र दोन-तृतीयांशाहून अधिक देतं. म्हणून एक गिगावॉट सौर आणि एक गिगावॉट कोळसा हे कागदावर समान दिसले तरी तारेत समान नसतात. हा फरक वीज क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी लक्ष्य मात्र क्षमतेत ठरवलं गेलं आणि तेच यश म्हणून सांगितलं गेलं. याच काळात, २०२४-२५ या आर्थिक वर्षात, देशातलं कोळशाचं उत्पादन पहिल्यांदाच शंभर कोटी टनांच्या वर गेलं आणि तेही यश म्हणूनच सांगितलं गेलं. दोन्ही यशं एकाच वर्षात, एकमेकांना धक्का न लावता साजरी होऊ शकतात, एवढ्यावरूनच पहिल्या लक्ष्याने कोळशाला किती हात लावला ते कळतं.

क्षमतेच्या मापाचा खरा तोटा मात्र वेगळाच आहे. ते माप खर्च लपवतं. सौर पॅनल बसवण्याचा खर्च आता सगळ्यात कमी आहे. महाग आहे ती पॅनलमधून निघालेली वीज संध्याकाळी सात वाजता मागणी चढते तेव्हा घराघरात पोहोचवण्याची सोय. पारेषण वाहिन्या, साठवण, वितरण कंपन्यांची पत, हे सगळं त्यात येतं. लक्ष्य क्षमतेचं असलं की प्रकल्पाच्या उद्घाटनाच्या दिवशी ते पूर्ण होतं, पुढे वीज वापरली गेली की वाया गेली हे कुणी विचारत नाही. २०२५मध्ये राजस्थानात वाहिन्या अपुऱ्या पडल्यामुळे तयार प्रकल्पांना भर दुपारी निर्मिती कमी करावी लागली. त्याच वर्षी देशभरात ४० गिगावॉटहून अधिक क्षमतेच्या निविदा मंजूर होऊनही वीज घ्यायला वितरण कंपनी पुढे येत नसल्याने करारांविना पडून होत्या. लक्ष्य युनिटमध्ये असतं तर यातली प्रत्येक गोष्ट अपयश म्हणून नोंदली गेली असती आणि संबंधित मंत्रालयाला उत्तर द्यावं लागलं असतं. क्षमतेच्या हिशेबात तयार प्रकल्प यशाच्याच खात्यावर जमा झाले आणि करारांविना अडकलेल्या निविदांबद्दल कुणाला जाब विचारला गेला नाही.

आता ज्या लक्ष्याने खरंच काही घडवलं त्याकडे वळतो. २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं तेव्हा २०२२पर्यंत २० गिगावॉट सौर क्षमता हे उद्दिष्ट होतं. २०१५मध्ये ते पाचपट करून १०० गिगावॉटवर नेलं आणि एकूण नवीकरणीय क्षमता १७५ गिगावॉट करायची ठरलं. त्या वेळी देशात सौर क्षमता होती चार गिगावॉटच्याही आत. त्या घोषणेला अनेक जाणकारांनी अवास्तव म्हटलं, आणि एका अर्थी ते बरोबर ठरले. २०२२ संपताना एकूण क्षमता १२० गिगावॉटच्या आसपास होती. घरांच्या छपरांवर ४० गिगावॉट बसवायचे होते, त्याच्या पाचव्या हिश्शापर्यंतच मजल गेली. सौरऊर्जेचा शंभर गिगावॉटचा टप्पा २०२५च्या सुरुवातीला, दोन वर्षांहून अधिक उशिरा ओलांडला गेला. काटेकोर भाषेत हे लक्ष्य चुकलं. पण त्याच्यामुळे काय झालं ते पाहा. सौर उद्याने उभी राहिली, केंद्रीय पातळीवर लिलावांची घडी बसली, बँकांना या क्षेत्राला कर्ज देण्याची सवय झाली, राज्यांना नवीकरणीय वीज खरेदीचं बंधन पाळावं लागलं. २०१०च्या पहिल्या लिलावात युनिटला बारा रुपयांच्या आसपास असलेला दर २०१७मध्ये राजस्थानातल्या भडला इथे २.४४ रुपयांवर आणि २०२०च्या अखेरीस गुजरातमध्ये १.९९ रुपयांवर आला. या घसरणीचं मोठं श्रेय चिनी कारखान्यांना आणि त्याआधी जर्मनीने दिलेल्या अनुदानांना जातं, हे नाकारायचं कारण नाही. पण स्वस्त झालेलं पॅनल विकत घ्यायला तयार असलेली, नियम आणि करार यांची चौकट असलेली बाजारपेठ भारतात होती ती त्या चुकलेल्या लक्ष्यामुळे. जुलै २०२५ची घोषणा ज्या क्षमतेच्या जोरावर झाली, तिचा पाया त्यानेच घातला. पॅरिसच्या मंचावर दिलेलं सावध वचन वेळेआधी पुरं झालं, ते देशात ठेवलेल्या धाडसी उद्दिष्टाने जोर लावला म्हणून.

म्हणूनच ‘कमी बोलावं, जास्त करावं’ या मुत्सद्दी शहाणपणाशी माझा वाद आहे. या मताचे लोक म्हणतात, की आंतरराष्ट्रीय मंचावर मोठा आकडा दिला आणि तो चुकला तर नाचक्की होते, दबाव वाढतो. पॅरिस करारात लक्ष्य चुकल्याबद्दल दंड नाही. कॅनडाने क्योटो करारातलं बंधन पाळलं नाही आणि २०११मध्ये सरळ करारातूनच बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. अमेरिका पॅरिस करारातून एकदा नव्हे, दोनदा बाहेर गेली. त्यांच्या उदाहरणाचं अनुकरण करा असं मी म्हणत नाही. सांगायचं एवढंच, की नाचक्कीची भीती वाटते तेवढी खरी नाही आणि सावधपणाची किंमत मात्र खरी आहे. चीननेही याच वाटेने सुरुवात केली होती. २०२०पर्यंत तीव्रता ४० ते ४५ टक्क्यांनी घटवण्याचं त्याचं वचन होतं. ते त्याने ओलांडलं, आणि त्याच काळात त्याचं दरडोई उत्सर्जन युरोपीय संघाच्या वर गेलं. शेवटी सप्टेंबर २०२५मध्ये चीनला २०३५पर्यंत शिखर पातळीपासून सात ते दहा टक्के घट, असं एकूण उत्सर्जनाचं लक्ष्य जाहीर करावं लागलं. तोही आकडा तुटपुंजा आहे, पण निदान टनांत आहे. भारताने २०७०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य सांगितलं आहे. त्याआधी उत्सर्जन कोणत्या वर्षी आणि किती उंचीवर जाऊन उतरू लागेल, याबद्दल २०२२मध्ये शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत सादर केलेल्या दीर्घकालीन धोरणातही आकडा नव्हता. चाळीसहून अधिक वर्षांनंतरच्या तारखेला आजचं कोणतंच मंत्रालय बांधील नसतं.

खर्चाबद्दलचा युक्तिवाद सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि सगळ्यात कमी तपासला जातो. २०१५च्या निवेदनात भारताने २०३०पर्यंत किमान अडीच लाख कोटी डॉलर लागतील असं म्हटलं. २०२१मध्ये दिल्लीच्या ‘कौन्सिल ऑन एनर्जी, एन्व्हायर्नमेंट अँड वॉटर’ या संस्थेने २०७०च्या निव्वळ शून्यासाठी सुमारे दहा लाख कोटी डॉलर गुंतवणुकीचा अंदाज मांडला. हे आकडे भाषणांत ‘हवामान कृतीचा खर्च’ म्हणून येतात. पण ही गुंतवणूक आहे, आणि तिचा बराच भाग कसाही करावाच लागणार आहे. वाढत्या देशाला वीजकेंद्रं लागतात, वाहिन्या लागतात, बसगाड्या लागतात. कोळशाचं केंद्र उभारलं तरी पैसे पडतात आणि वर पंचवीस-तीस वर्षं इंधनाचे पैसे पडत राहतात. हवामान लक्ष्याचा खर्च म्हणजे या दोन मार्गांमधला फरक. त्या फरकातून वाचलेलं इंधन वजा करावं लागतं. आणि भारतासारखा देश, जो आपल्या गरजेच्या सुमारे ८८ टक्के कच्चं तेल आयात करतो आणि ज्याने त्यासाठी २०२४-२५मध्ये १३० अब्ज डॉलरहून अधिक मोजले, त्याच्यासाठी ही वजाबाकी मोठी आहे. हा फरक दर पाच वर्षांनी अधिकृतपणे मोजून संसदेपुढे ठेवणारी कोणतीही यंत्रणा आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये २००८च्या कायद्याने नेमलेली स्वतंत्र समिती हे काम करते. २०५०पर्यंत ८० टक्के कपातीला राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक ते दोन टक्के खर्च येईल असा अंदाज तिथे सुरुवातीला मान्य झाला होता. २०१९मध्ये लक्ष्य १०० टक्क्यांवर नेताना समितीने सांगितलं की तेवढ्याच खर्चात आता पूर्ण कपात शक्य आहे. २०२५च्या तिच्या अहवालात निव्वळ खर्च वर्षाला सरासरी ०.२ टक्क्यांवर आला. ब्रिटनची परिस्थिती आपल्याला लागू होते असं नाही. पण अंदाज खाली येत गेले ते तंत्रज्ञान स्वस्त झालं म्हणून, आणि ते खाली आल्याचं कळलं ते कुणीतरी मोजत होतं म्हणून.

खर्च परवडत नाही म्हणणाऱ्यांनी आपल्या कोळसा उपकराचा इतिहासही पाहावा. २०१०मध्ये केंद्राने कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. २०१४मध्ये तो १००, २०१५मध्ये २००, २०१६मध्ये ४०० रुपये झाला. कार्बन डायऑक्साइडच्या टनाला तो अडीचशे रुपयांच्या घरात पडत होता. जगात फार थोड्या विकसनशील देशांनी तोवर असं काही केलं होतं. त्यातून २०१७-१८पर्यंत ८६ हजार कोटींहून अधिक रुपये जमा झाले. त्यातले स्वच्छ ऊर्जा निधीत पोहोचले ३० हजार कोटींच्या आत आणि त्यातूनही प्रकल्पांना मिळाले १६ हजार कोटींच्या आसपास. २०१७मध्ये वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा हा उपकर राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवला गेला आणि सप्टेंबर २०२५मध्ये रद्दच झाला. त्याऐवजी कोळशावरचा वस्तू आणि सेवा कर पाचवरून अठरा टक्क्यांवर नेला. म्हणजे टनावर बसणारा कर जाऊन किमतीवर बसणारा आला. हलक्या प्रतीचा, जास्त राखेचा कोळसा स्वस्त, म्हणून त्यावर कर कमी. प्रदूषणाला किंमत लावण्याची एक चालती, लोकांनी विनातक्रार पचवलेली व्यवस्था आपल्या हातात होती, तिचे पैसे दुसरीकडे गेले आणि मग ती व्यवस्थाही गेली. याच काळात युरोपीय संघाने सीमेवरचा कार्बन कर आणला. जानेवारी २०२६पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट यांच्या आयातीवर तो प्रत्यक्ष लागू झाला. निर्यातदार देशात कार्बनची किंमत आधीच भरली असेल तर ती त्यातून वजा होते. आपण हा कर अन्यायकारक आहे असं म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे. पण भारतीय पोलादावरची कार्बनची किंमत आपल्या तिजोरीत घ्यायची की ब्रसेल्सच्या, एवढाच पर्याय उरलेला असताना आपण आपलं खातं बंद करून ठेवलं.

न्यायाचा मुद्दा मी टाळत नाही; उलट माझ्या मते तोच सर्वांत भक्कम आहे. आजवर वातावरणात सोडल्या गेलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये अमेरिकेचा वाटा एक-चतुर्थांशाच्या आसपास, भारताचा तीन-चार टक्के. आपलं दरडोई वार्षिक उत्सर्जन दोन टन, अमेरिकेचं चौदा. २०२४मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांनी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलरची मागणी केली आणि हाती आलं २०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचं आश्वासन. भारताच्या प्रतिनिधीने तिथल्या तिथे आक्षेप नोंदवला, तो पूर्णपणे योग्य होता. पण न्यायाचा मुद्दा सांगतो की पैसे कुणी द्यावेत. लक्ष्य कोणत्या मापात मोजावं, हे तो सांगत नाही. उलट, पैसे मागायचे तर ‘आमच्या बळावर एवढं करू, तुम्ही एवढं दिलंत तर त्याच्या पुढे एवढे टन, एवढी युनिटं’ असा दोन पायऱ्यांचा हिशेब मांडावा लागतो. पॅरिस करारात सशर्त आणि बिनशर्त लक्ष्यांची सोय त्यासाठीच आहे आणि अनेक देश ती वापरतात. आपल्या २०१५च्या निवेदनातही ४० टक्के क्षमतेचं लक्ष्य तंत्रज्ञान आणि स्वस्त भांडवलाच्या मदतीने गाठू असं म्हटलं होतं. ते २०२१मध्येच गाठलं गेलं. मदत अपेक्षेइतकी आली नाही आणि लक्ष्य नऊ वर्षं आधी पूर्ण झालं, हे एकत्र वाचणारा देणगीदार देश पुढच्या मागणीला काय उत्तर देईल? चालू वेगाखालचं लक्ष्य ठेवून आपणच आपली बाजू दुबळी केली. शिवाय दोन टनांची ती सरासरी देशातल्या देशात कुणाच्या नावावर बोलते, हाही प्रश्न आहे. मुंबई-पुण्यातल्या वातानुकूलित घराचं आणि मेळघाटातल्या पाड्याचं उत्सर्जन मिळून ही दोन टनांची सरासरी होते. पाड्याचं नाव पुढे करून घराला सूट मिळवायची, हा न्याय नव्हे.

कोळसा आणि संध्याकाळची मागणी हा तांत्रिक आक्षेप मी थोडक्यात घेतो. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी २५० गिगावॉटवर गेली. सूर्य मावळल्यावरची मागणी भागवायला आज कोळसा लागतो, हे उघड आहे. पण त्याला पर्याय महाग आहे हे म्हणणं दरवर्षी जुनं होत चाललं आहे. बॅटरी साठवणुकीचा दर २०२२च्या लिलावात महिन्याला प्रतिमेगावॉट १०.८ लाख रुपयांच्या आसपास होता, २०२५पर्यंत तो सव्वादोन लाखांच्याही खाली आला. अशा वेळी २०३१-३२पर्यंत कोळशाची किमान ८० गिगावॉट नवी क्षमता उभारण्याचं ठरवणं म्हणजे पुढची तीस-चाळीस वर्षं भाडं भरत राहण्याचा करार करणं. साठवणुकीलाही किंमत आहे आणि ती सगळी रुपयांत नसते. सह्याद्रीत भिवपुरी, शिरवटा अशा ठिकाणी उदंचन जलविद्युत प्रकल्प येत आहेत, आणखी अनेकांचे करार झाले आहेत; घाटमाथ्यावरचं जंगल आणि पाणी यांचा हिशेब त्यांच्या खात्यात धरलाच पाहिजे. मला तो धरायचा आहे, म्हणूनच माझा आग्रह आहे की हिशेब मांडला जावा.

कारण आज हा खर्च मांडला जात नसला तरी कुणीतरी भरतोच आहे. चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, भोवती खाणी आहेत, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९मध्येच हा भाग देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत धरला होता. औष्णिक केंद्रांनी गंधकाचं उत्सर्जन रोखणारी यंत्रणा बसवावी हा नियम २०१५चा; मुदत पुन्हा पुन्हा वाढली आणि जुलै २०२५मध्ये बहुतांश केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. कारण दिलं गेलं त्यात खर्च होता. चंद्रपूरच्या लोकांच्या फुप्फुसांवर पडणारा खर्च त्या हिशेबात किती धरला गेला? दुसरीकडे, कोळसा कोणत्या वर्षी उताराला लागेल हेच ठरलेलं नसल्यामुळे चंद्रपूर, वणी, उमरेडच्या खाणकामगारांसाठी, ठेकेदारी मजुरांसाठी, ट्रकवाल्यांसाठी ठोस तयारी दिसत नाही. खनिजांच्या स्वामित्वधनावर वेगळ्या आकारल्या जाणाऱ्या रकमेतून जिल्हा खनिज प्रतिष्ठानांकडे २०१५पासून पैसा येतो आहे; तारीख ठरली असती तर त्यातला काही भाग पुढच्या रोजगारासाठी आजपासून बाजूला काढता आला असता. लक्ष्य ढिलं ठेवल्याने या लोकांचं रक्षण होतं हा समज चुकीचा आहे. खाणी एक दिवस बंद होणारच. त्या सूचनेविना बंद व्हाव्यात की सूचनेसह, एवढंच आपल्या हातात आहे.

लक्ष्य योग्य मापात असलं की खर्चाचं चित्र कसं बदलतं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचं उद्दिष्ट कृषी वाहिन्यांना दिवसा सौर वीज देण्याचं आहे. दुसऱ्या टप्प्यात १६,००० मेगावॉटचं. त्यातून मिळणारी वीज युनिटला साधारण तीन रुपयांत पडते. याआधी तीच वीज बरीच महाग घेऊन, शेतकऱ्याला स्वस्तात देऊन, फरक उद्योगांच्या दरांत आणि राज्याच्या अनुदानात टाकला जात होता, आणि शेतकऱ्याला ती अनेकदा मिळत होती रात्री. शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येणं, हे इथे लक्ष्याचं खरं माप आहे. मेगावॉट त्याच्या मागून येतात. जमिनीचे वाद, देखभाल, कंत्राटदारांची दिरंगाई या अडचणी त्यात आहेतच. पण दर महिन्याला कोणत्या वाहिनीवर किती तास दिवसा वीज मिळाली, हे गावात कुणीही सांगू शकतो. त्यामुळे योजना चालली की नाही यावर वाद घालायला दिल्लीचं निवेदन लागत नाही.

राष्ट्रीय लक्ष्यांना हीच कसोटी लावता येईल. वीज क्षेत्रासाठी क्षमतेऐवजी युनिटांमधला बिगर-जीवाश्म वाटा, वर्षवार. कोळशातून तयार होणाऱ्या विजेचं शिखर कोणत्या वर्षी, त्याची तारीख. पोलाद, सिमेंट आणि वाहतुकीसाठी तूर्त तीव्रता चालेल, पण ती चालू वेगापेक्षा वरची, आणि सोबत एकूण टनांचा अंदाज छापलेला. प्रत्येक लक्ष्यासमोर दोन स्तंभ: आपल्या बळावर किती आणि परदेशी पैशावर किती. हे सगळं तपासायला मंत्रालयाबाहेरची, कायद्याने नेमलेली समिती. तसा कायदा आपल्याकडे नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४मध्ये माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या चौदाव्या आणि एकविसाव्या कलमांत आहे असं म्हटलं, आणि त्याच निकालात या विषयावर देशात एकछत्री कायदा नसल्याचीही नोंद केली. हक्क मान्य झाला आहे. तो पाळला गेला की नाही हे मोजण्याची सोय संसदेने करायची आहे. तशी समिती असती तर जुलै २०२५ची घोषणा करताना सरकारला त्याच कागदावर तीन आकडे आणखी द्यावे लागले असते: त्या वर्षी कोळशातून किती युनिटं आली, किती सौर वीज वाहिनीअभावी वाया गेली, आणि एकूण उत्सर्जन किती टनांनी वाढलं.